दोनशे चौदा सह्यांची एक हरकत

हिरडटोला, दि. ९ जानेवारी २०२३

चि. अश्वजितले ताईचा जयभीम, वि. वि.

इथी सारे बरे आहेत अन् मी रागात आहे. फोनवर तू हाव हाव म्हणून कापून टाकतं, म्हणून अंगणवाडीतली पोरं घरी गेल्यावर कागद घेऊन बसली. पत्राच्या मधातून तुले उठून जाता येत नाई.

चिंचपाटचा बसस्टँड उचलून बायपासवर नेऊन राह्यले, हे मले कंडक्टरनं सांगतलं. माहा सख्खा भाऊ त्याच नगरपरिषदेत नकाशे काढते, अन् मले कंडक्टर सांगते. लाज वाटाले पायजे लेका तुले.

तुह्या भाचीले, दिव्यानीले, रक्ताचा सिकलसेल आजार आहे हे का नव्यानं सांगू? महिन्याच्या पहिल्या मंगळवारी तपासणी अन् महिन्याभराच्या गोळ्या. आज बस दवाखान्याच्या फाटकासमोर थांबते, म्हणून माही सोळा वर्षांची पोरगी एकटी जाते अन् एकटी येते. मले दर वेळी अंगणवाडी सोडता येत नाई. बायपासपासून दवाखाना चार किलोमीटर. आटोवाला सवारी भरल्याबिगर हालत नाई. उन्हात चालली का तिचे सांधे धरतेत, मंग तीन-तीन दिवस कण्हत पडते. तुह्या नकाशात हे कुठी दाखोलं आहे ते कळव.

माह्या भावजयले, हर्षाले, जयभीम. तिच्या हातचं लोणचं संपलं, पण या पत्रात मागत नाई.

तुही ताई,
नूतन

चिंचपाट, दि. १४ जानेवारी २०२३

आद. ताईस सविनय जयभीम, वि. वि.

तुझं पत्र वाचून हर्षा हसली, मी नाही. मी आरेखक आहे. साहेब बोट ठेवतात तिथे रेघ मारतो. रेघ कुठे मारायची हे मला आजवर कोणी विचारलेलं नाही, आणि नोकरी लागली तेव्हा पेढे तूच वाटले होतेस.

शिवाय स्टँड हलवायचं कारण खोटं नाही. दवाखान्यासमोर बसगाड्या अशा अडकतात की दिवाळीनंतर एक बाळंतीण अॅम्ब्युलन्समध्ये वीस मिनिटं कळा सोसत बसली होती. तिलाही आई असेलच ना?

पण उपाय आहे. हरकती-सूचना तीस दिवस घेणार आहेत. गावाकडच्या बसने आधी दवाखान्याशी थांबावं आणि मग बायपासला जावं, एवढंच मागा. एकटीने देऊ नकोस, एकटीचं कोण ऐकतं? सगळ्या वस्तीचा, आख्ख्या टोल्याचा मिळून एक अर्ज करा आणि भरपूर सह्या घ्या.

लोणच्याची बरणी कंडक्टरकडे दिली आहे. त्याला सगळंच माहीत असतं म्हणतेस.

तुझा,
अश्वजित

हिरडटोला, दि. ६ फेब्रुवारी २०२३

चि. अश्वजितले जयभीम, वि. वि.

अर्ज दिला. ऐतवारी विहारात बैठक घेतली. आपल्या टोल्याची रीत तुले माहीत आहे, रस्ता असो का नळ, एकानं लिहाचं अन् साऱ्यायनं सही कराची, कोणाले एकटं पाडाचं नाई. गोंडटोल्यातून सुकरीबाई चाळीस बाया घेऊन आली, साऱ्यायचे अंगठे झाले. नथ्थूभाऊचं गावात कोणाशीच पटत नाई, त्यानंबी सही केली, वरून पेन कोणाचा म्हणून भांडला.

दोनशे चौदा सह्या झाल्या. मी सोता नेऊन दिला अन् पोच घेतली. सल्ला चांगला दिला तू, अर्धा राग उतरला. बाकीचा बस थांबल्यावर उतरन.

माया पातळ होऊ देऊ नको.

ताई

चिंचपाट, दि. १२ मार्च २०२३

आद. ताईस जयभीम, वि. वि.

हे पत्र तीनदा फाडलं. बायपासला ज्यांचे प्लॉट आहेत त्यांनी छापील फॉर्म भरून स्टँड हलवण्याच्या बाजूने सूचना दिल्या. प्रत्येकाचा वेगळा फॉर्म, असे एकशे त्रेसष्ट. ते एकशे त्रेसष्ट धरले. तुमचा अर्ज एक, म्हणून हरकत एक धरली. नियम तसा आहे. नोंदवहीत तो आकडा मीच लिहिला.

नियम मला ठाऊक होता. तुला लिहिताना आठवलाच नाही, कारण माझ्याही डोक्यात आपल्या टोल्याचीच रीत बसली आहे. नोंदवहीत लिहायला बसलो तेव्हा आठवला, पण तोवर मुदत संपली होती.

सुनावणी २८ तारखेला आहे. एका हरकतीला एक माणूस आणि पाच मिनिटं. तू ये. शिव्या नंतर दे, मी ऐकून घेईन.

तुझा,
अश्वजित

हिरडटोला, दि. २ एप्रिल २०२३

अश्वजितले,

जयभीम लिहाचं मन नाई, बाबानं लावलेली सवय म्हणून लिहते.

दोन गाड्या भरून आमी आलो. फाटकावरच आमाले सांगतलं का हरकत एक तर माणूस एक. सुकरीबाई उन्हात बाहेर बसली. दिव्यानी माही पोरगी म्हणून माह्यासंग तेवढी आत आली. मी अर्जावरची नावं वाचाले लागली. अधिकारी म्हणे, मुद्द्याचं बोला. मी म्हणलं, साहेब, नावं हाच मुद्दा आहे. एकसष्टाव्या नावावर त्यानं घड्याळ दाखोलं अन् पुढच्याले बोलावलं. तू कोपऱ्यात बसून लिहत होता. तुह्या बहिणीले उठवलं, तरी तू मान वर केली नाई.

तुमचे प्लॉटवाले एकेक माणूस, अन् आमी दोनशे चौदा जण मिळून एक माणूस. आमी मिळून राहतो हाच आमचा गुन्हा धरला तुमी.

घरी येऊन दिव्यानीसमोर बोलली अन् इथी लिहते. ज्या मामानं भाचीले मोजलं नाई, त्याचं तोंड पाहाचं नाई. फोन करू नको.

नूतन

चिंचपाट, दि. ८ जुलै २०२३

आद. ताईस सविनय जयभीम, वि. वि.

तू फोन घेत नाहीस म्हणून लिहितो. एक मेला स्टँड बायपासवर गेला. सहा महिने प्रयोग म्हणून, नंतर पुन्हा हरकती मागवणार. दुसऱ्याच दिवशी दिव्यानी स्टँडपासून दवाखान्यापर्यंत एकटी चालत गेली आणि आजारी पडली, हे हर्षाला बाजारात कळलं. मी दिव्यानीला मेसेज केला की जूनपासून मी बायपासवर गाडी घेऊन उभा राहीन. तिने वाचला, उत्तर दिलं नाही.

६ जूनला उभा राहिलो. ४ जुलैलाही राहिलो. दोन्ही वेळा बस रिकामी झाली, पोरगी उतरली नाही. मला वाटलं, तू रागाने दुसऱ्या कोणासंग पाठवलं असेल. तसं असेल तर माझी काही तक्रार नाही. पण ताई, ती दवाखान्यात गेली का नाई, तेवढं मले कळव. मले झोप येत नाई.

अश्वजित

सरकारी दवाखाना, चिंचपाट, दि. १६ जुलै २०२३

अश्वजितले,

काल तू वॉर्डात येऊन रडला, हर्षानं डबा आणला. मी उठून बाहेर गेली, म्हणून आज दिव्यानीच्या खाटेजवळ बसून लिहून राह्यली.

तुहं पत्र येईपर्यंत मले वाटे का तूच तिले नेऊन राह्यला. तिनंच सांगतलं होतं, मामा गाडीवर नेते, मामा आणून सोडते. दोन महिने मी मनात म्हणे, जाऊ दे, भाऊ सुधरला. तुह्यासाठी वाळल्या बोरांचं बोरकूट करून ठेवलं होतं. बुधवारी पत्र वाचलं अन् तिचं कपाट उघडलं. गोळ्यांचे डबे रिकामे. कार्डावर जून नाई, जुलै नाई. दोन्ही मंगळवारी ती बायपासच्या अलीकडेच उतरली, मैत्रिणीच्या, रोशनीच्या घरी बसली, अन् संध्याकाळच्या बसनं परत आली. शुक्रवारी अंगात ताप, छातीत दुखणं, पोरीले श्वास घेता येईना. कालपासून रक्त चालू आहे. डॉक्टर म्हणते, धोका टळला.

काऊन केलं म्हणून इचारलं. म्हणे, पायी जावत नाई, अन् मामाच्या गाडीवर मी बसत नाई, त्यानं आपल्याले मोजलं नाई, तूच म्हणली होती. अश्वजित, राग माहा होता अन् भोगला तिनं. मी सोताले माफ करत नाई, त तुले काऊन करू? मले माह्यावर राग आहे, तुह्यावर आहे, तुमच्या त्या नियमावर तर विस्तव पडो.

सहा महिने ऑक्टोबरात संपतेत. या वेळी टोल्याचा एक अर्ज नाई. दोनशे चौदा जणांचे दोनशे चौदा कागद. रोशनी लिहून देते, सुकरीबाई घरोघरी फिरून अंगठे घेते. पण त्या गठ्ठ्यात सर्वात वरचा कागद तुहा पायजे. त्यावर नाव लिही, हुद्दा लिही, अन् लिही का मी दिव्यानीचा मामा आहे आणि माही हरकत आहे. नोकरीचं भेव वाटत असन त तसं साफ कळव, मी दुसऱ्यांदा मागणार नाई.

तिनं आज डोळे उघडले अन् मामा कुठी आहे म्हणून इचारलं. मी म्हणलं, लिहून राह्यला. मले खोटं पाडू नको.

नूतन