शिंदीचा शेंडा

उदगीर, आता जिल्हा लातूर

शमुवेलदादा,

ईस्टरआधीच्या झावळ्यांच्या रविवारी चर्चमध्ये हातात धरून हलवायला ओढ्यावरच्या शिंदीच्या झावळ्या मीच तोडल्या. तू आडवा आलास, "दुष्काळात तेवढंच हिरवं हाय. सुगरणींनी घरटी कुठं बांधावी?"

मी म्हटलं, "प्रभूपेक्षा पाखरं मोठी का? नको येऊ चर्चला."

तू मुखेडला निघून गेलास.

घाईत मी शेंड्याचा कोंबही ओरबाडला, म्हणून शिंदी वाळली. पावसाळ्यात सुगरणी चोचीत गवत घेऊन आल्या अन् नुसत्या घिरट्या घालून गेल्या. तीही प्रभूचीच लेकरं, हे तेव्हा सुचलं न्हाई.

पाळक अजून म्हणतात, "सालोमीबाई, त्या रविवारी चर्च लई हिरवं दिसलं!" मी "हाव" म्हणते.

तुझी चूक असती तर मुखेडला येऊन दहादा ऐकवली असती. माझी हाय, तर पत्रसुद्धा टपालपेटीत टाकवत न्हाई.

तुझी बहीण,
सालोमी