निबंधातली पप्पांची ओळ

मंगळवार, १५ जून २००४
उचगाव

पुण्याच्या खाजगी विद्यापीठाचा शिष्यवृत्तीचा अर्ज उद्या पोस्टात टाकायचा आहे. गुणवत्तेवर देतात, पण पानभर इंग्रजी निबंधही मागतात. कॉलेजचे सर म्हणाले होते, "वडील अशिक्षित कामगार आहेत असं घाल, वजन पडतं." मी घातलं. वाक्य छान दिसत होतं, हेही खरं.

संध्याकाळी पप्पा कारखान्यातून आले. पालकाची सही हवी म्हणून निबंध पुढं केला. त्यांनी हात धुतले, चष्मा लावला.

"काय लिवलंयस, मराठीत सांग की."

मी सांगत गेले. ती ओळ आल्यावर 'वडील लेथवर काम करतात' एवढंच वाचलं.

"माझी सातवी न्हाय लिवलीस?"

"जागा नव्हती."

"बरं."

मग त्यांनी सही केली. इंग्रजीत, एकेक अक्षर सावकाश. त्यांना इंग्रजीत सही येते हे मला माहीतच नव्हतं. कधी शिकले? विचारलं नाही.

ते जेवायला बसल्यावर मी ती ओळ पेनानं खोडली आणि वर लिहिलं, वडील सातवी पास आहेत, लेथ चालवतात. छापील पानावर खाडाखोड वाईट दिसते. सकाळी सायबर कॅफेत दुसरी प्रत काढता येईल. पण मग सही पुन्हा मागावी लागेल, आणि का ते सांगावं लागेल.

असाच पाठवणार. सर म्हणतील, एका ओळीपायी शिष्यवृत्ती घालवलीस. घालवली असेलही.