उरलेला खडा

बुधवार, २५ डिसेंबर. पायथा

परभणी जिल्ह्यात डोंगर चढायला निघाले आहे, हे सांगितलं तेव्हा माझ्या नाशिकच्या मैत्रिणी पोट धरून हसल्या. हसू देत. जूनमध्ये झरीच्या शाळेत गणिताची शिक्षिका म्हणून रुजू झाले, तेव्हापासून मीही नजर जाईल तिकडे कापूस, तूर आणि सपाट काळी जमीनच पाहत होते. पण आज जिंतूरच्या पुढे जीप वळली आणि घोंगडमाळचा डोंगर समोर आला. पुढून उभा कातळ, टोक धुक्यात. कातळावरून चढता येत नाही. मागून, मेंढरांच्या वाटेने, त्यांच्याच चालीने जायचं. दोन मुक्काम, तिसऱ्या दिवशी टोक.

सहल महारुद्रने काढली आहे. पोखर्णीच्या बागायतदार घरातला तिशीचा मुलगा, गळ्यात कॅमेरा, तोंडात सतत बडीशेप. मोबाईलवर जाहिरात टाकून त्याला मिळाली दोनच गिऱ्हाइकं: मी आणि ताडकळसचे व्यंकटराव. व्यंकटराव निवृत्त तलाठी आहेत. वाटेतली कुठली जमीन कुणाच्या नावावर होती आणि आता कुणाच्या आहे, हे त्यांनी जिंतूरपर्यंत सांगितलं. मी मनातल्या मनात पाढे म्हणत होते.

वाटाड्या सटवाजी, पन्नाशीचा, लाल मुंडाशाचा. बरोबर त्याची बायको केवळाबाई, चाळीस मेंढ्या आणि वाघ्या नावाचा कुत्रा. केवळाबाईने चुलीवरची भाकरी थेट माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाली, "खा माय, लय बारीक हायसा तुमी." इथे आल्यापासून इतक्या मायेने कुणी खायला घातलं नव्हतं. मी तीन भाकऱ्या खाल्ल्या.

सटवाजी मेंढरं आकड्यांनी मोजत नाही. त्याच्याकडे कातडी पिशवी आहे, तिच्यात प्रत्येक मेंढरामागे एक खडा. दिवस मावळताना तो जाळीचं कुंपण उभारतो, त्याला वाघूर म्हणतात. एकेक मेंढरू आत शिरतं तसा एकेक खडा पिशवीतून काढून घोंगडीवर ठेवतो. पिशवी रिकामी झाली की वाघूर बंद. आज त्याने आम्हा तिघांचेही खडे टाकले. स्वतःचा आणि केवळाबाईचा नाही. राखणारा स्वतःला मोजत नाही म्हणे.

खडा उरला तर काय, मी विचारलं. तर ते मेंढरू येईपर्यंत हाक मारायची. आलंच नाही तर? मेलेलं डोळ्याने पाहिल्याशिवाय खडा फेकता येत नाही, त्याच्या बापाने कधी फेकला नाही, त्यानेही नाही. मी म्हटलं, सटवाजी, मी तुम्हाला दोन दिवसांत हजारापर्यंत शिकवते. तो हसून म्हणाला, "आकडा इसरतो म्याडम. खडा न्हाई इसरत."

गुरुवार, २६ डिसेंबर. पहिला मुक्काम

चढ सोपा नाही. काटेरी झुडपं, निसरडी मुरमाड वाट. पण हवा इतकी स्वच्छ की छाती भरून श्वास घ्यावा. महारुद्रने माझे वीसेक फोटो काढले, एकही बरा नाही.

दुपारी गंमत केली. सटवाजी पिशवी झाडाला टांगून पाणी शोधायला गेला, तेव्हा मी पायाखालचा एक खडा उचलून तिच्यात टाकला. आकड्यांशिवाय काय फजिती होते ते त्याला दाखवायचं होतं. व्यंकटरावांनी पाहिलं आणि डोळा मारला.

संध्याकाळी मेंढ्या आत गेल्या, आम्हीही आत गेलो, आणि पिशवीत एक खडा उरला. सटवाजीचा चेहरा पार उतरला. मी हसत सांगणारच होते, पण तो वाघुरीच्या तोंडाशी उभा राहून हाक मारायला लागलासुद्धा. "ये माय, ये. ये घरला." आवाजात फार काकुळती होती. हरवलेल्या लेकीला हाक मारावी तशी. जरा वेळाने सांगू असं ठरवलं.

पाव तासाने झुडपांतून एक मेंढी आली.

काळी, लोकर ओली. सटवाजीने तिच्या पाठीवर हात ठेवला, खडा घोंगडीवर ठेवला, वाघूर बंद केली. व्यंकटरावांनी माझ्याकडे पाहिलं. मी मोजल्या. दोनदा मोजल्या. एकेचाळीस.

कुणाची तरी चुकलेली असेल. केवळाबाई मात्र त्या मेंढीकडे सारखी पाहते आहे. म्हणाली, ही रवंथ करत नाही.

शुक्रवार, २७ डिसेंबर. सकाळ

वाघ्या मेला. जबडा वरून खालपर्यंत फाडलेला, अर्धी जीभ दूर दगडावर. रात्री कुणालाच आवाज आला नाही.

सहा मेंढ्या नाहीत. जमिनीवर रक्त, लोकरीचे पुंजके, पण हाड नाही, खूर नाही, काही नाही. जाळी शाबूत आहे. महारुद्र म्हणतो लांडगा. जाळी न फाडता सहा मेंढ्या नेणारा लांडगा! परत फिरू या, मी म्हटलं. सटवाजी सहा जणींना टाकून खाली यायला तयार नाही, आणि त्याच्याशिवाय वाट कुणालाच ठाऊक नाही. मोबाईलला रेंज नाही. काळी मेंढी कळपाच्या मधोमध उभी आहे. तिच्या तोंडाभोवतीची लोकर तांबूस झाली आहे.

सांगायला हवं. पण शिकवीन म्हणून मिरवलेली मी, आता त्याच्यासमोर कुठल्या तोंडाने उभी राहू? माझी मलाच लाज वाटते आहे.

शुक्रवार, संध्याकाळ. दुसरा मुक्काम

सहा खडे उरले. सटवाजी अर्धा तास हाका मारत होता. मी त्याचा हात धरला, नका बोलावू म्हटलं. त्याने हात सोडवून घेतला.

सहा आल्या. एकामागून एक, सगळ्या ओल्या.

केवळाबाईने नवऱ्याला खडसावलं, ह्या आपल्या नव्हेत, वास बघ. तो म्हणाला, कानाची खूण आपलीच आहे. मी जवळून पाहिलं. कानाची खूण आहे. कान उलटा आहे.

शनिवार, २८ डिसेंबर. टोक, दुपार

लिहिते आहे, कारण कुणीतरी लिहायला हवं.

अकराला टोकावर पोचलो. खाली सगळा जिल्हा पसरलेला. महारुद्र कड्याकडे गेला, त्याला कळपासकट फोटो हवा होता. मी त्याच्यामागे पन्नास पावलांवर होते. मेंढ्यांनी त्याच्याभोवती गोल केला. तो हसत होता. काळी पुढे झाली आणि तिने त्याच्या मांडीचा लचका तोडला. तो खाली बसला, बाकीच्या त्याच्यावर पडल्या. तो माझं नाव घेत होता. त्यांनी त्याचं पोट उघडलं. मी बरगड्या पाहिल्या. मी त्याचा चेहरा नाहीसा होताना पाहिला. एकीनेही आवाज केला नाही, फक्त चावण्याचा आवाज येत होता.

मी पळाले. सटवाजीला घेऊन परत आले तेव्हा फक्त एक बूट होता. दगड चाटून स्वच्छ केलेला.

मग मी सगळं सांगितलं. खडा मी टाकला, आणि पहिली जी आली ती कुणाचीच नव्हती. व्यंकटरावांनीही कबूल केलं. सटवाजी रागावला असता तर बरं झालं असतं. त्याने पिशवीतून काळीचा खडा काढून दरीत फेकला; आता तिला मोजायचं नाही.

आणि महारुद्रचा? मी म्हटलं, तोही फेका, मी त्याला मेलेलं पाहिलंय, ह्या डोळ्यांनी.

तो म्हणाला, "तुमच्या डोळ्यांवर आता कसा इस्वास ठिवू, म्याडम?"

मी पाया पडले त्याच्या. खरंच पडले.

शनिवार, दिवेलागण

सटवाजी हाक मारतो आहे. "मालक, या वो. महारुद्र मालक."

केवळाबाई त्याच्या तोंडावर हात दाबते आहे. त्याने तिला ढकललं.

आला.

तेच कपडे, तोच कॅमेरा. दोन्ही पायांत बूट. सापडलेला बूट माझ्या पिशवीत आहे.

रविवार, २९ डिसेंबर. सकाळ

तो रात्रभर बसून होता. केवळाबाईने दिलेली भाकरी हातात धरून. चावली नाही.

उजाडताना व्यंकटराव लघवीला उठले. तो मागून गेला. त्यांचा गळा त्याने दातांनी — व्यंकटराव पाय झाडत होते, मेंढ्या धावून आल्या — मी पाय धरून ओढायला गेले तर माझ्या हातात नुसता पाय आला —

केवळाबाईने कुऱ्हाड घातली. महारुद्रचं डोकं उभं फुटलं. आत रक्त नाही. मेंदू नाही. गच्च भरलेली ओली काळी लोकर. तरी तो उठला.

केवळाबाई मला म्हणाली, "पळ माय." मी पळाले. ती त्यांच्यात पडली. एकदाच ओरडली.

सटवाजीला ते हात लावत नाहीत. बोलावणारा तोच.

दुपार

कपारीत आहे. पडले. नडगीचं हाड बाहेर आलंय. साडी फाडून — नाही, ओढणी — बांधली. डोकं चालत नाही.

खाली वाघूर दिसते. सटवाजी तिच्या खुंट्या ठोकतो आहे. रोजच्यासारखा.

शंभर पावलांचा उतार. दिवस मावळायच्या आत वाघुरीत पोचले तर माझा खडा उरणार नाही. मग तो मला बोलावणार नाही. आत ते आहेत. पण बाहेर राहिले तर —

सरपटत जाईन. एक दगड, मग दुसरा.

संध्याकाळ

निम्म्यावर. पुढे जाता येत नाही. रक्त थांबत नाही.

मेंढ्या आत गेल्या, महारुद्रही गेला. पिशवीत दोन खडे उरले असणार, व्यंकटरावांचा आणि माझा.

व्यंकटरावांना हाक मारली. आले. टोपी नीट करत आले.

एक खडा राहिला. तो तळहातावर घेऊन बघतोय. मी ओरडते आहे, सटवाजी मी इथे आहे, मी जिवंत आहे, आवाज फुटत नाही — वहीची पानं हलवते — तो इकडे बघत नाही —

"म्याडम, या वो. भक्ती म्याडम, या घरला."

खालच्या दगडाआडून कुणीतरी म्हणालं, आले.

माझा आवाज.

उठली. माझीच ओढणी. दोन्ही पाय धड. वाघुरीकडे निघाली — थांबली. वळून वर बघते आहे. चढून येते आहे. सटवाजीच्या हातात खडा एकच, आणि आम्ही दोघी —