केसरचं कार्ड

१७ जानेवारी १९६७
पहिल्या एस.टी.नं केसर आली, सोबत तिची आई. मी ओळखलंच नाही. गेल्या हिवाळ्यात कापसाच्या जिनच्या शेडमध्ये लूपचं, म्हणजे पाळणा लांबवायला गर्भपिशवीत बसवतात त्याचं, शिबिर झालं, तेव्हा हीच रांगेत सगळ्यांत उत्साही होती. पाठोपाठ दोन मुली झालेल्या, "थोडा दम खावाले मिळी" म्हणून हसत होती. आता गालफडं बसलेली. पायरी चढताना भिंतीला हात.

वर्षभर अंगावरून जात होतं. पोटात कळा. गावात अंगारे झाले, उतारे झाले. शेवटी आईनं धुळ्याला नेलं. तिथं फोटो काढला तर लूप पिशवीत नाहीच. पिशवी भेदून पोटात गेलेला. दिवाळीनंतर ऑपरेशन झालं. लूप निघाला, पिशवी वाचली.

"ताई, तुम्हीच सांगेल व्हतं ना, त्यान्हाघाई काही तरास नही?"

मीच. शिबिराचं पत्रक मी लिहिलं. त्यात 'निर्धोक' हा शब्द आहे. तो कोणी सुचवला नव्हता. वाक्याला वजन येतं म्हणून घातला.

१९ जानेवारी
केसरला घेऊन गोविंदराव वकिलांकडे. दावा होऊ शकतो म्हणाले. आधी सरकारला नोटीस, मग दोन महिने वाट. 'नुकसानभरपाई' हा शब्द त्यांनी तिला दोनदा समजावला. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मन्हं दुखनं खरं व्हतं, इतलं सरकारना कागदवर लिखी द्या."

सासरी कोणी मानत नाही. घर जेठाच्या, म्हणजे थोरल्या दिराच्या हुकमातलं. त्याला न विचारता लूप बसवला हा मूळ राग. जेठानी, त्याची बायको, म्हणते, लूपबिप काही नाही, गाठ होती, कामं टाळायला सोंग. नवरा पुंडलिक गप्प. ऑपरेशनपासून केसर आईकडे. मुली सासरी, पाच नि तीन वर्षांच्या.

मुलींचं ती सगळ्यात शेवटी बोलली. उंबऱ्यात पाय ठेवून, चपलेकडे बघत.

४ फेब्रु.
नोटीस गेली. 'हे' म्हणाले, "पत्रक तुझं, नोटीसही तुझ्याच पुढाकारानं. शाळेत लोक विचारतील." विचारू देत म्हटलं. रागावले नाहीत. चष्मा पुसत बसले. हेडमास्तरांना काळजी वाटली की चष्मा पुसतात.

मासिकाची कथा अर्धी पडली आहे. हात जात नाही.

२९ मार्च
उत्तर आलं. टाइप केलेलं एकच पान. केसर पुंडलिक पाटील या नावाची नोंद नाही. त्या दिवशीचं केसर नावाचं एकच कार्ड, पतीचं नाव हिलाल पाटील. कार्डावर नर्सच्या तीन भेटींची नोंद, तिन्ही वेळा 'तक्रार नाही'. सबब अर्जदार बाईचा शिबिराशी संबंध दिसत नाही.

हिलाल म्हणजे तिचा जेठ.

गोविंदरावांनी कार्डाची नक्कल पुढे सरकवली. "हे कोणी भरलं असेल?"

अक्षर माझं.

३० मार्च
झोप नाही. आठवून आठवून लिहिते.

शिबिराच्या दिवशी कार्डं भरायला माणूस कमी, म्हणून मी बसले. रकाना नवऱ्याच्या नावाचा. बायका नाव घेईनात. पदर तोंडात धरायच्या, रांग अडायची, डॉक्टरीणबाई आतून ओरडायच्या. मग मला युक्ती सुचली. नवऱ्याचं नाव विचारायचंच नाही. "घर कोणाचं?" विचारायचं. मागची बाई पटकन सांगायची, मी लिहायची. रांग धावायला लागली. स्वतःवर खूश होते मी.

घर कोणाचं, तर कर्त्या माणसाचं. एकत्र कुटुंबात कर्ता थोरला भाऊ, नाहीतर सासरा. हे मला कळू नये? बावीस वर्षं या तालुक्यात आहे. पण माझं घर तीन माणसांचं. माझ्याकडे घर म्हणजे नवराच.

केसरचं कार्ड मी मोठ्यानं वाचून दाखवलं होतं. 'हिलाल पाटील यांची पत्नी.' बायका खो-खो हसल्या. केसरनं तोंडावरून पदर ओढला. मला वाटलं, लूपची लाज.

चूक ती दुरुस्त कशी करणार होती? नवऱ्याचं नाव घेता येत नाही. जेठाचं तर त्याहून नाही, त्याच्यासमोर ती उभीही राहत नाही.

३ एप्रिल
नर्स सुशीलाबाईंना गाठलं. त्या रडकुंडीला आल्या. घरच्या वडीलधाऱ्यांत लूपचं नाव काढायचं नाही म्हणून त्या कार्ड बघून दारात नुसतं विचारायच्या, "हिलालभाऊंची बायको बरी आहे ना?" जेठानी पुढे यायची. "मले काय व्हयनं? मी दगडनी शे!" सुशीलाबाई लिहायच्या, तक्रार नाही. केसर मागच्या अंगणात शेण सारवत असायची. विव्हळत असायची म्हटलं तरी चालेल.

"बाई, मी तीन वेळा गेले त्या दारात," इतकंच म्हणत राहिल्या.

मग आम्हा दोघींच्या एकदमच लक्षात आलं. त्या दिवशीची बाकीची कार्डं?

११ एप्रिल
सुशीलाबाई नि मी रोज एक गाव. कार्डांवरून घर गाठायचं, पण पुरुषाचं नाव न घेता. मागच्या दारानं जायचं, पाणी मागायचं, सुनांत बसायचं. निम्म्याहून अधिक कार्डांवर नवरा नाहीच. सासरा आहे, चुलत सासरा आहे, एका कार्डावर तर वारलेला आजेसासरा. त्या घराला अजून त्याच्याच नावानं हाक मारतात.

एका गुजर घरातली धाकटी सून केळीच्या बागेत भेटली. तिलाही तेच. सहा महिने रक्त जातंय, कोणाला सांगितलं नाही. "नर्सबाई आमना घर येतीस, पन सासूलेच इचारतीस." (तिच्या कार्डावर सासऱ्याचं नाव.) दुसऱ्याच दिवशी सुशीलाबाईंनी तिला डॉक्टरीणबाईंकडे नेलं, लूप काढवला. जागच्या जागी होता. वेळेत झालं.

घरी आल्यावर 'ह्यांना' सांगितलं. म्हणाले, "मग आता शाळेत कोणी काय विचारलं तर हेच सांगेन."

२२ एप्रिल
हिलालभाऊ स्वतः आले. पांढरं धोतर, टोपी, हातात काठी नाही तरी असल्यासारखे उभे. चहा घेतला नाही.

"ताई, तुमी शिकेल मानूस. भाऊनी बायको मन्हा नावनी करी टाकी तुमी!"

मी माफी मागितली. मनापासून मागितली.

"माफी ठिक शे. पन कोर्टमा ते कार्ड वाचतीन. भर कचेरीमा. मी गावमा कसा फिरू? पोरे मांगे बोलतीन." मग आवाज उतरला. "तिले सांगा, दावा करू नको. आखाजीपर्यंत मी सोता लेवाले येसू. पोरी तिन्ह्या शेतस, घर तिन्हं शे."

आखाजी, म्हणजे अक्षय्यतृतीया, तीन आठवड्यांवर. खोटं बोलत नव्हते. माणूस वाईट नाही. त्यांचंही नाव माझ्याच लेखणीनं खराब झालं.

निरोप मला पोचवावाच लागणार.

२३ एप्रिल
पोचवला. केसर चुलीपुढे भाकरी थापत होती. थांबली नाही. तिची आई म्हणाली, "जाय माय, पोरीस्ना तोंडकडे देख." भाकरी करपली, तिची कधी करपत नाही.

निघताना विचारलं, काय सांगू?

"ताई, दावा करा नही तर मी बरी व्हईसन घर जासू. आन खोटी व्हईसन."

तिला काही सुचवलं नाही मी. या खेपेला नाही. माझ्या सुचवण्यानं एकदा झालं ते झालं.

१५ मे
आखाजी झाली. गावोगाव माहेरवाशिणी, निंबाच्या फांद्यांना झोके. केसरच्या माहेरी गेले होते. दुपारी सायकलची घंटी. पुंडलिक! पुढे दांडीवर धाकटी, मागे थोरली, हँडलला केळीची फणी. घामाघूम. आखाजीला नातींना आजीकडे पोचवणं, याला थोरला भाऊही नाही म्हणू शकत नाही.

मुली आधी आईजवळ जाईनात. मग थोरलीनं लुगड्याचं टोक धरून बघितलं. मग सोडलंच नाही.

पुंडलिक माझ्याकडे बघून, पण बोलला केसरला: "दादाले मी सांगी दिधं. पोरी आठेच ऱ्हातीन. दावा व्हवा दे. शिबिरले मीच तर धाडी तुले."

केसर: "मंग वरीसभर तोंड कोठे गहान ठेवं व्हतं?"

त्यानं एक केळं सोलून तिच्यापुढे धरलं. तिनं घेतलं, धाकटीला दिलं. दुसरं त्यानं सोललं, ते स्वतः खाल्लं तिनं.

झोका उंच गेला. केसर बसली नाही, टाके दुखतात. पण मुलींना तिनंच ढकललं.

२० जून
दावा दाखल. माझं नाव साक्षीदारांत पहिलं. गोविंदरावांनी बजावलं, उलटतपासात पत्रक काढतील. काढू देत.

पत्रकाच्या उरलेल्या प्रती चुलीत घालणार होते. घातल्या नाहीत. एक प्रत वकिलांना दिली, बाकीच्या कपाटात समोर दिसतील अशा ठेवल्या.

९ ऑक्टोबर
सरकारची कैफियत आली. म्हणणं तेच, ही बाई ती नव्हे. तारीख पडली. मग पुढची तारीख. केसर प्रत्येक तारखेला येते. वजन भरलंय. कापूस वेचायला अर्धा दिवस जाते म्हणाली. सुशीलाबाईंनी सगळी कार्डं नव्यानं केली. आता रकाना बदललाय. बाईचं नाव, मग तिच्या आईचं नाव. आईचं नाव घ्यायला कोणी लाजत नाही. नवऱ्याचं नाव गावच्या यादीवरून नंतर भरतात. ही युक्ती माझी नाही, केसरच्या आईची.

१४ फेब्रुवारी १९६८
आज साक्षी झाल्या. जसं आठवतं तसं.

आधी मी. नाव, वय बेचाळीस, धंदा लेखन. "पतीचं नाव?"

गप्प झाले. खरंच. मी, जिनं रांगभर बायकांना मनातल्या मनात बावळट म्हटलं होतं. 'हे' मागच्या बाकावर बसलेले. या वह्यांत मी त्यांचं नाव कधी लिहिलं आहे? बावीस वर्षं 'हे'. जज्जसाहेबांनी वर बघितलं. मग सांगितलं, घसा खाकरून. मागे चष्मा पुसणं चालू असणार.

सरकारी वकील: "पत्रकातला 'निर्धोक' हा शब्द आपला?"
"माझा. चुकीचा आहे."
"कार्डावरचं अक्षर?"
"माझं. तेही चुकीचं. कशी चूक झाली ते सांगते." सांगितलं. घर कोणाचं, ते. सुशीलाबाईंनीही त्यांचं सांगितलं, न रडता.

मग केसर. कार्ड वाचलं गेलं. मागे कोणीतरी फिस्सकन हसलं, साहेबांनी बघितलं, हसू थांबलं. हिलालभाऊ भिंतीकडच्या बाकावर, ताठ. पुंडलिक दाराशी, दोन्ही मुलींना घेऊन.

साहेब समजूतदार. म्हणाले, बाईंनी नाव घेतलं नाही तरी चालेल, दुसऱ्यानं सांगावं, बाईंनी मान हलवावी. सरकारी वकील उठले. वाद नावाचाच आहे, वादीच्या तोंडूनच यायला हवं. कायद्यानं त्यांचंही खरं.

केसरनं पदर डोक्यावर घेतला, तोंडावर नाही. कठड्याला दोन्ही हात.

"हाई कार्ड मन्हं शे. यान्हावर ज्यास्नं नाव शे, त्या मन्हा जेठ शेतस. बापना जागे. त्यास्नं नाव मी लेवाव नही, माले मारी टाका तरी." साहेबांकडे वळली. "मन्हा मालक पुंडलिक. पुंडलिक धना पाटील. लूप मन्हाच पोटमा व्हता. दुखनं मन्हंच व्हतं."

हसलं कोणी नाही. हिलालभाऊंनी टोपी काढली, मांडीवर ठेवली, परत डोक्यावर घातली. मग आमच्याआधी बाहेर पडले. मला वाटलं गेले. फाटकाशी उभे होते. केसर येताना दिसली तशी तिला वाट मोकळी करून बाजूला सरले, चुलीवर दूध ठेवल्यासारखे घाईत म्हणाले, पुंडलिकलाच, "पोरीस्ले थंडी वाजी ऱ्हायनी, लवकर निंघा." नि चालू लागले. 'घर निंघा' म्हणाले नाहीत. 'येऊ नका' असंही म्हणाले नाहीत.

निकाल अठरा मार्चला. गोविंदराव सांगत नाहीत काही. नाव सिद्ध झालं, दुखणं कोणाच्या चुकीनं हे ठरायचंय, म्हणाले. सुपारी मात्र दोनदा कातरली, खुशीत असले की कातरतात तशी.

एस.टी. स्टँडवर भेळ घेतली सगळ्यांनी. केसरच्या मांडीवर धाकटी झोपलेली. पुंडलिक इतका वेळ चोरून हसत होता, शेवटी राहवेना त्याला.

"आखो एकदाव ले ना मन्हं नाव."

"चूप बठा. लोके देखी ऱ्हायनात."

"एकदावच."

केसर गाडीत चढली, खिडकीशी बसली, मुलीचं डोकं सारखं केलं. गाडी सुरू झाल्यावर मान बाहेर काढली.

"निकालना दिवस! कोर्टमा! पुरं नाव लेसू!"