टायरांची अदलाबदल

सेप्टिमियू,

आपल्या इलिंकाला घेऊन मी सिबियूला आईकडे चालले आहे, तुझ्या गाडीने. माझ्या गाडीला स्वस्तातले चिनी टायर घालताना ऐटीत म्हणालास, ‘रबर शेवटी रबरच, महागड्यांना नुसते नावाचे पैसे!’ उन्हाळाभर चाललेही. आज घाटात पावसात ब्रेक दाबला, तर गाडी घसरत थेट कठड्यावर आदळली. इलिंका मागे बसली होती. लागलं नाही तिला, पण अजून मला सोडत नाही.

गाडी दाखवायला नेली, तेव्हा गॅरेजवाला नेलू म्हणाला, ‘ताई, तुमचे आधीचे चांगले टायर तर साहेबांनी स्वतःच्याच गाडीला बसवून घेतले की!’

लाज कशी वाटली नाही रे? मक्याच्या पिठाची मामालिगा फ्रिजमध्ये आहे, गरम करून गिळ. माझ्या गाडीची किल्ली शोधू नकोस, मी नेली आहे. लेकीला भेटायचं असेल तर बसने ये.

रुक्सांद्रा