मानपत्रातला एक शब्द

हिंगोली, पौषातला शुक्रवार, १९४१. संध्याकाळ.

गावाला माझा सत्कार करण्याची हुक्की आली आहे. इतकी वर्षं दवाखान्यात एकटी नर्स म्हणून राबले, त्याचं हे फळ! वकीलसाहेब मसुदा घेऊन आले आणि उभ्याउभ्याच मानपत्र वाचू लागले. ‘अथक सेवा’ आलं तशी मी म्हटलं, “तेवढा शब्द खोडा.”

“काहून, बाई? तुमी थकल्याचं आमी कधी पाह्यलंच न्हाई.”

“बाळंतिणीसमोर थकून दाखवू का, साहेब?”

अथक म्हणे! सकाळी साखऱ्याच्या एका बाईला मुलगी झाली. लेकरू रडलं आणि माझ्या मनात काय आलं, तर आता चादरी धुवायच्या. तिची सासू म्हणाली, “माय, लेकराचं तोंड तं बघा!” बघितलं. आता आठवत नाही. पूर्वी प्रत्येक तोंड आठवायचं. याला नुसतं थकणं म्हणायचं का?

हे साहेबांना कसं सांगणार? एवढंच म्हटलं, “दुसरी नर्स मिळायचा अर्ज तहसीलदारांच्या शिफारशीवाचून अडलाय. सत्काराला तेच येणार. त्यांच्यासमोर मला अथक म्हटलंत, तर ते शिफारस कशाला करतील?”

“पण मानपत्रात तक्रार बराबर दिसंल का?”

“मग राहू द्या. दुसरी आली की तिलाच द्या हे. तिला शोभेल.”

साहेब हसत गेले, शब्द तसाच ठेवून.

सत्काराला जाणार. तहसीलदारांनी हातात नारळ दिला की सगळ्यांसमोर सांगणार, “साहेब, मी थकले आहे.” विनय समजून लोक टाळ्या वाजवतील. वाजवू देत. टाळ्या थांबल्या की पुन्हा सांगेन.