दोन्ही ओळींत खूण

ऑल्बनी, गुरुवार

लाडक्या बाबांना,

मी बरी आहे. तुमचा गुडघा काय म्हणतोय?

काल इथे राजधानीत, विधानसभेत आमदार क्विलन भेटले. निवडणुकीत दोन पक्षांनी त्यांनाच उभं केलं, म्हणून मतपत्रिकेवर त्यांचं नाव दोनदा होतं, एकदा बड्या पक्षाच्या ओळीत आणि एकदा आपल्या कामगार पक्षाच्या. मी म्हटलं, "आम्हीही तुम्हाला निवडून दिलंय. आमचं इस्पितळ बंद करू नका." तर हसून म्हणाले, "तुमच्या ओळीत मतं पडलीच किती, बाई?"

बाबा, तुम्ही कौतुकाने कळवलंत, की आपल्या अख्ख्या गल्लीने दोन्ही ओळींत खूण केली. अहो, असं मत बड्यांच्याच ओळीत मोजतात!

तुमच्यावर काय रागवायचं? फक्त आता गुडघा दाखवायला कुठे जाणार, तेवढं कळवा.

तुमचीच,
ब्रिजिड